डोहाळजेवणापर्यंत शांतता

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.१०

निवृत्तीनंतरचा पहिला वर्किंग डे. आज शोध लागला की आपल्या घरासमोर रस्ता आहे.

बावीस वर्षं या फ्लॅटमध्ये राहतो. सकाळी आठला निघायचो, रात्री आठला यायचो, रविवारी झोपायचो. रस्ता ही ऑफिसला जायची वस्तू, एवढाच परिचय. आज चहा घेऊन बाल्कनीत बसलो आणि पेपरातली एकच बातमी पाच वेळा वाचली. रिक्षा, टँकर, कंपन्यांच्या बसेस, डोक्यावर मेट्रो. अंधेरी-कुर्ला रोड आमच्या हॉलमधून जातो आणि आम्ही त्याच्या कडेला सोफा टाकून बसलोय, अशी परिस्थिती.

उत्तराला सांगितलं. ती म्हणाली, अगंबाई, हो का? आणि गवार मोडायला लागली. बावीस वर्षं या बाईने हे ऐकलं आणि एकदाही लेखी तक्रार केली नाही. अशा लोकांमुळेच देश मागे राहिला.

मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. ८१ डेसिबल. बिल्डिंगचं नाव शांतिसदन.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऋताचा फोन. सातवा लागला. बीपी जरा वर आहे, डॉक्टर म्हणाले आराम करा, शांत राहा.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे मी ठरवलेलं नाही, पूर्वजांनी ठरवलंय. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, बघू ना, चेंबूरलाही सगळे आहेत. ‘सगळे’ म्हणजे आमचे व्याही देवदत्त कर्णिक. लग्नाच्या बोलणीला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा चहाच्या आधी त्यांनी आम्हाला कोकिळा ऐकवली होती. टिपणीस, ऐका, म्हणाले, ही आमची रोजची. जशी काही पाळलेली. त्या कोकिळेचं मी विसरलेलो नाही.

टिपणिसांची मुलगी बाळंतपणाला सासरी राहिली, कारण बापाच्या घरात झोप लागत नाही. हे मी होऊ देणार नाही. तीस तारखेला डोहाळजेवण आपल्याकडे. तोपर्यंत घर शांत. टार्गेट ५०. फोन स्पीकरवर टाकून शब्द दिला, म्हणजे उत्तराही साक्षीदार.

उत्तरा नंतर म्हणाली, अहो, तिला नुसतं विचारा ना, तिला काय हवंय. विचारायचं काय त्यात? शांतता हवीय.

७ नोव्हेंबर

फाइल उघडली. विषय: वाहतूक-ध्वनी निर्मूलन. टप्पा एक, खिडक्या. टप्पा दोन, जनजागृती. टप्पा तीन, प्रशासन. चौतीस वर्षं प्रशासन विभागात काढलीत. फाइल उघडली की काम अर्धं होतं. उरलेलं अर्धं कधीच होत नाही, पण ते दुसऱ्या विभागाकडे असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

तळमजल्यावरच्या भाऊरावांचा मुलगा किरण येऊन गेला. साकीनाक्याला त्याचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आहे. आत दुसरी चौकट बसवायची, जाड काच, मध्ये चार बोटं मोकळी जागा, आणि मुख्य म्हणजे चौकटीभोवतीच्या फटी बुजवायच्या, आवाज तिथूनच येतो, भिंतीतून नाही. त्याने मला हे पंधरा मिनिटांत समजावलं. मी त्याला पंचावन्न मिनिटं समजावलं. माझे अकरा व्हिडिओ बघून झालेत. शेवटी तो म्हणाला, काका, तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच करा ना.

मलाही तेच वाटत होतं.

जाताना म्हणतो, ते ॲप खिडकीत ठेवून मोजा, शर्टाच्या खिशात ठेवून बोलताय तर ते तुमचाच आवाज घेतंय. आजकालच्या मुलांना दुसऱ्याच्या कामात खोट काढायची भारी हौस.

११ नोव्हेंबर. दुपारी २.३०

ड्रिल मशीन आणलं. बेडरूमच्या खिडकीला रबरी पट्टी बसवली. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्याने विचारलं, दुपारी दोनला कोण माणूस ड्रिल करतो. लिहिलं, जो तुमच्यासाठीही शांतता आणतोय तो. वरून एक अंगठा आला, तो उपरोधिक असावा.

ड्रिल चालू असताना ९८. हा आकडा सरासरीतून वगळला.

सायं. ६. पट्टी जाड झाली. खिडकी पूर्ण बंद होत नाही. दोन बोटं उघडी राहते. दोन बोटांतून असा कितीसा आवाज येणार?

८३.

१४ नोव्हेंबर

अंड्यांचे ट्रे. बाराव्या व्हिडिओत होतं. मार्केटमधल्या अंडीवाल्याकडून साठ ट्रे आणून रस्त्याकडच्या भिंतीला फेविकॉलने चिकटवले. खोली थेट रेकॉर्डिंग स्टुडिओसारखी दिसते. उत्तरा म्हणाली, पोल्ट्रीसारखी. तिने माहेरी पोल्ट्री पाहिलेली नाही, पण बोलायला काय जातं.

१६ नोव्हेंबर

झुरळं.

१७ नोव्हेंबर

ट्रे काढले. बरोबर भिंतीचा रंग आला, काही ठिकाणी भिंतही आली. उत्तरा म्हणाली, किरण म्हणाला होता ना आवाज भिंतीतून येत नाही. म्हणाला असेल. पण ठामपणे म्हणाला का? तांत्रिक माणसाने ठामपणे बोलायला पाहिजे.

टप्पा एक पूर्ण. टप्पा दोन.

१९ नोव्हेंबर

गेटबाहेर बोर्ड लावला. मजकूर माझाच: ‘येथे शांतताप्रिय कुटुंब राहते. गर्भवती कन्या येणार आहे. कृपया हॉर्न वाजवू नये. हॉर्न ही गरज नसून सवय आहे. विचार करा.’

लोक खरंच विचार करायला लागले. गाडी हळू करून वाचतात. वाचणाऱ्याच्या मागचा हॉर्न मारतो, त्याच्या मागचा त्याला मारतो, ही रांग सिग्नलपर्यंत जाते. भाऊराव खाली खुर्ची टाकून बघत होते. एकतीस वर्षं बेस्टची बस चालवली त्यांनी. म्हणाले, साहेब, ड्रायव्हरला वाचायला लावलं की तो थांबणार, तो थांबला की मागचा वाजवणारच. गाडीला चालत राहू द्या, चालती गाडी गप असते.

भाऊरावांचा अनुभव दांडगा, पण दृष्टी मर्यादित. अडचण अक्षरांची आहे. दुप्पट मोठा बोर्ड सांगितला. मजकुरात दोन ओळी वाढवल्या.

८६.

२१ नोव्हेंबर. सकाळी ९ ते ११, सायं. ५ ते ७

सोसायटीच्या गणपतीच्या सामानात मेगाफोन होता. बाल्कनीतून प्रत्यक्ष प्रबोधन सुरू केलं. गाडीचा नंबर घेऊन बोलायचं, म्हणजे माणसाला लाज वाटते. झीरो-टू-वाले, रिक्षा, हॉर्न कशाला? पुढे काय विमान आहे? बहुतेकांनी प्रतिसाद दिला. एकाने तर सिग्नल सुटेपर्यंत हॉर्नवरून हात काढला नाही.

मेगाफोनसकट १०१. तो बंद केल्यावर ८४. म्हणजे निव्वळ सतराची घट.

उत्तरा हल्ली ऋताशी बाथरूममध्ये जाऊन बोलते. विचारलं तर म्हणाली, इथे काही ऐकू येत नाही. बघा, ज्या बाईला बावीस वर्षं फरक पडला नाही तिलासुद्धा आता त्रास जाणवतोय. जनजागृती म्हणतात ती हीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

नितेश आला. हा आमच्या गल्लीतला होतकरू. गेली आठ वर्षं होतोय. तिकीट मिळालं तर नगरसेवक, नाही मिळालं तर दहीहंडी. म्हणाला, काका, बोर्ड काय लावता, गाड्या स्लो करायच्या ना? स्पीडब्रेकर टाकू. अर्ज तेवढा तुमच्या नावाने द्या, तुमची भाषा भारी आहे.

दोन पानी अर्ज दिला. वाचून म्हणाला, झकास. पहिलंच पान वाचलं, पण झकास म्हणाला.

२५ नोव्हेंबर

सकाळी उठून बघतो तर स्पीडब्रेकर तयार. माझ्या ऑफिसात टाचणीच्या डबीला तीन महिने लागायचे. या देशात काम होतं, फक्त योग्य माणूस पाठपुरावा करणारा पाहिजे.

सायंकाळी गेटवर सत्कार. शाल, नारळ. फ्लेक्सवर माझा निरोपसमारंभातला फोटो, खाली ‘ज्येष्ठ समाजसेवक श्री. श्यामसुंदर टिपणीस यांच्या प्रयत्नांना यश’. नितेशचा फोटो माझ्या चौपट, पण ते चालायचंच. उत्तरा आली नाही. म्हणाली, लाडवांचा रवा भाजतेय.

फ्लेक्सचा फोटो ऋताला पाठवला. तिने जोडलेले दोन हात पाठवले. अभिमानाने असावेत.

२७ नोव्हेंबर

नोंद: स्पीडब्रेकर बरोबर बेडरूमच्या खाली आहे.

टँकर आला की आधी ब्रेक किंचाळतात, मग मागचा भाग धडाम, मग गियर ओरडतो, आणि एवढं सगळं झालं म्हणून ड्रायव्हर हॉर्न देतो. भाऊराव म्हणाले, साहेब, पूर्वी गाडी एकदाच ओरडून जायची, आता चारदा ओरडते. त्यांच्या खोलीतली भांडी मांडणीवरून सरकतात. पण बोलताना आवाज नाही चढवला त्यांनी. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

नितेशला फोन केला. म्हणाला, काका, अर्ज तुमचाच आहे ना. आणि फोटो लागलाय तुमचा. आता मागे फिरलो तर तुमची पण वाट, माझी पण.

सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल चर्चा चालू आहे. मला कळू नये म्हणून गुजरातीत लिहितात. मला गुजराती येतं.

९१.

२९ नोव्हेंबर

उद्या डोहाळजेवण. तातडीचा उपाय म्हणून माळ्यावरच्या सगळ्या रजया, गोधड्या आणि उत्तराची दोन जाड अंथरुणं हॉलच्या खिडक्यांवर ठोकली. भर दुपारी लाइट लावावे लागतात. उत्तराने विचारलं, सातव्या-आठव्यातली बाई इथे श्वास कुठून घेणार. म्हटलं, पंखा आहे.

मग ती म्हणाली, उद्या एक दिवस ते ॲप बंद ठेवाल? बघू म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

डोहाळजेवण पार पडलं. मुद्दे असे.

१. ऋता हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत फार छान दिसत होती. हे तिला सांगायचं राहिलं.

२. बायकांनी डोहाळ्याची गाणी सुरू केली. ॲपवर ७९. त्यांना सांगितलं, टाळ्या तेवढ्या हळू वाजवा, रीडिंग बिघडतंय. त्या हसल्या. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही, गाणी थांबली होती.

३. एक रजई ओटी भरताना खाली आली. नेमका तेव्हाच टँकर. सगळ्यांचं लक्ष खिडकीकडे. मी बाल्कनीत जाऊन मेगाफोनवरून त्याला दोन शब्द सुनावले. आत आलो तेव्हा पेढा-बर्फीची वाटी ऋताने उघडलीही होती. बर्फी निघाली म्हणे. मुलगी.

४. देवदत्त कर्णिक कोपऱ्यात सभ्यपणे बसले होते. मध्ये म्हणाले, टिपणीस, मनाला लावून घेऊ नका हो, आमच्याकडेही शेजारी सध्या... त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, तुमच्या कोकिळेचं मला सांगू नका.

ऋता दोन दिवस राहणार. ट्रायल.

२ डिसेंबर

ऋता गेली. जावई गाडी घेऊन आला होता. निघताना म्हणाली, बाबा, मी चेंबूरलाच थांबते. वाईट वाटून घेऊ नकोस.

दोन दिवस तिला काही कमी पडू दिलं नाही. दर तासाला रीडिंग वाचून दाखवत होतो, म्हणजे प्रगती कळावी. दुपारी ती आडवी झाली की बाल्कनीतून ट्रॅफिक सांभाळत होतो. तरी गेली. स्पीडब्रेकरने घात केला. दुसरं कारण दिसत नाही.

लिफ्टपाशी उत्तरा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दोघी काहीच बोलत नव्हत्या. एवढ्या आवाजात बोलणार तरी काय.

१५ डिसेंबर

स्पीडब्रेकर काढण्याबाबत अर्ज. चार पानी. पहिल्या अर्जातला प्रत्येक मुद्दा खोडून काढायचा म्हणजे माणसाचा कस लागतो, कारण पहिला अर्ज फार मुद्देसूद होता.

५ जानेवारी

स्मरणपत्र एक.

१२ जानेवारी

स्मरणपत्र दोन. फ्लेक्सवरच्या माझ्या फोटोला कोणीतरी मिशा काढल्यात. हस्ताक्षर तिसऱ्या मजल्याचं वाटतं.

१८ जानेवारी, रविवार

उत्तरा चेंबूरला गेली. मुलीची आई बाळंतपणाला मुलीच्या सासरी जाऊन राहते, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदा. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मऊ धुतलेली जुनी लुगडी, सगळं बांधून नेलं. किती दिवस, विचारलं. बघू, म्हणाली. ऋताचाच शब्द.

मी म्हटलं, तू परत येशील तेव्हा हा रस्ता ओळखू येणार नाही. ती म्हणाली, अहो, दुपारी दोन तास जरा निजत जा, आणि नाही निजलात तरी त्या वेळेत कुणाला फोन करू नका. फ्रिजमध्ये आमटी ठेवलीय.

तिची काळजी मला कळते. पण पाठपुरावा झोपून होत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी १०.२० पासून तक्रारीच्या हेल्पलाइनवर होतो. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे चाळीस मिनिटं. मग खरा माणूस आला. त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ट्रे, बोर्ड, ब्रेकर, सगळं. मध्ये मध्ये टुक टुक वाजत होतं, दुसरा कॉल. घेतला नाही. एवढ्या मुश्किलीने माणूस मिळालाय. शेवटी तो म्हणाला, सर, हे आमच्याकडे येत नाही.

फोन ठेवला. तेरा मिस्ड कॉल. उत्तरा नऊ, जावई तीन, देवदत्त कर्णिक एक.

११.०५ ला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुपारी हॉस्पिटलात गेलो. मी नर्सला सांगत होतो की हा वॉर्ड मेन रोडकडे तोंड करून आहे, हे नियमात बसत नाही. ती म्हणाली, आजोबा, हळू, हॉस्पिटल आहे. आजोबा असं पहिल्यांदा कोणी म्हणालं. उत्तराने मिस्ड कॉलचा विषय काढला नाही. तो काढला असता तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४

चेंबूरला जाऊन आलो. महत्त्वाची नोंद.

रिक्षातून उतरलो आणि कानावर विश्वास बसेना. कर्णिकांच्या शेजारची बिल्डिंग पाडलीय. रिडेव्हलपमेंट. पायाचं काम चालू. मशीन जमिनीत घाव घालतं, खिडकीच्या काचा थरथरतात, घरभर धूळ. कोकिळा दहिसरपर्यंत पोचली असेल. ॲप काढलं. ८८!

जिन्यातच मला हसू फुटलं. आमच्याकडचं आजचं सकाळचं ८५. म्हणजे माझं घर शांत! तीन डेसिबलने शांत, आणि मुलगी इथे!

आत गेलो तर ऋता पलंगावर, मांडीवर बाळ. ती मला काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, थांब, आधी हे बघ. सगळ्यांना मोबाइल फिरवून दाखवला. अठ्ठ्याऐंशी! देवदत्तना विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, दिवाळीनंतर लगेच सुरू झालं हो, डोहाळजेवणाला सांगत होतो मी तुम्हाला. म्हणजे दोन डिसेंबरला ऋता माझ्याकडून निघाली ती या मशीनकडे आली. माहीत असून.

मी विचारलं, अगं, मग याला शांतता म्हणतेस तू? मुद्दा महत्त्वाचा होता, त्यामुळे जरा जोर दिला असेन. बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं. इतका वेळ मशीन धाडधाड करत होतं, तिने डोळा उघडला नव्हता.

ऋता तिला थोपटत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, बाबा, ती मशीनला उठत नाही.

उत्तरा दारात लंगोट घडी करत उभी होती. ती म्हणाली, मशीन निदान सहाला बंद होतं.

देवदत्त चहा सांगायला आत गेले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

परवापासून कोणाला फोन केला नाही. मेगाफोन सोसायटीच्या सामानात परत ठेवला. भाऊराव जिन्यात भेटले, म्हणाले, साहेब, बरं नाही का? मान हलवली.

रजया काढल्या. खिडक्या उघड्या, आणि ती दोन बोटांची फट तर कायमचीच. ॲप नेहमीसारखं शर्टाच्या खिशात. बाहेर टँकर, ब्रेकर, मेट्रो, सगळं जागच्या जागी. दिवसभराची सरासरी ६४.

तीन नोव्हेंबरपासूनचा नीचांक. कारण शोधायला हवं. फाइल काढली. पुन्हा ठेवली.

रविवारी बारसं. उत्तराचा मेसेज आला, नक्की या. खाली ऋताने अंगठा दिलाय.

पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगतात. ते काम आत्याचं, पण नंतर आजोबालाही एकदा सांगू देतात. हळू सांगायचं असतं. मघाशी खिशातून मोबाइल काढला, समोर धरला आणि हळू बोलायचा सराव करून बघितला. पहिल्यांदा ७३. मग ६०. मग ४६. टार्गेटच्या खाली. तिन्ही वेळा नुसतं ‘बाळ’ म्हटलं.

नाव माहीत नाही. परवा ऋता सांगायला लागली होती ती बहुतेक तेच. मी तेव्हा अठ्ठ्याऐंशी सांगत होतो.